प्रेशर टेस्टला न सापडलेलं लीक

कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी होतंय पण गळताना कुठेच दिसत नाही, अशी गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये गेलं की हमखास एकच शब्द कानावर पडतो: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. माझ्याही पडला, सोबत पस्तीस हजारांचं एस्टिमेटही हातात पडलं. प्रत्यक्षात बिघाड निघाला कूलंटच्या टाकीच्या झाकणात. तो कसा सापडला आणि एकेक शक्यता कशी बाद होत गेली, ते जरा सविस्तर लिहितेय. हेड उघडायच्या आधी ज्या तपासण्या व्हायला हव्यात त्या बऱ्याच ठिकाणी होत नाहीत आणि एकदा इंजिन उघडलं की मूळ दोष कुठे होता हे कळायचा मार्गच उरत नाही.

आधी गाडी आणि रस्ता. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. मी वाईला राहते आणि पाचगणीत शिकवते, त्यामुळे पसरणी घाट हा रोजचा. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरमध्ये गाडी सहाशे मीटर वर चढते, तीही बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली की पहिल्या गिअरमध्ये. कूलिंग सिस्टीममध्ये काही कसर असेल तर ती अशा रस्त्यावर लवकर बाहेर येते. सपाटीवरच्या गाडीत तोच दोष कितीतरी दिवस लपून राहिला असता.

सुरुवात झाली ती टाकीतली पातळी खाली गेलेली दिसली तेव्हा. टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. कूलंट मॅक्सच्या जरा खाली होतं ते मिनला टेकलं. वर भरलं, तर काही दिवसांनी पुन्हा तेच. आमच्याकडे याला गाडी पाणी खाते म्हणतात. मी काळ्या मार्करने टाकीवर पातळीची रेघ मारली आणि रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन पूर्ण गार असताना, त्याच सपाट जागी उभी करून बघायला लागले. कूलंट तापलं की फुगतं, त्यामुळे गरम इंजिनवर बघितलेल्या पातळीला काही अर्थ नसतो. गाडी उतारावर उभी असेल तरी फसगत होते. वहीत तारीख आणि बोटभर, अर्धं बोट अशा नोंदी ठेवल्या. त्यातून एक गोष्ट लगेच दिसली. गाडी वाईतल्या वाईत फिरली त्या दिवसांत पातळी जवळजवळ हलत नव्हती. घाट चढलेल्या दिवसांत हलत होती, आणि गर्दीच्या शनिवारी सर्वांत जास्त.

मग गळती शोधली. रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे अंथरले. सकाळी कोरडे. एसीचं पाणी खाली पडतं, ते साधं, रंग नसलेलं आणि बिनवासाचं असतं, त्यावरून गोंधळ होऊ द्यायचा नाही. माझ्या गाडीत गुलाबी कूलंट आहे, ते पडलं असतं तर पुठ्ठ्यावर डाग उमटला असता. रेडिएटरची जाळी, वरचा आणि खालचा होज पाइप, क्लिपांच्या जागा, वॉटर पंपाखालचं ते बारीक भोक, जिथून पंपाचं सील गेलं की थेंब येतात, सगळं टॉर्च मारून पाहिलं. शेजारच्या सीटसमोरचा गालिचा उचलून हाताने चाचपला, कारण हीटरचा छोटा रेडिएटर फुटला की कूलंट तिथे झिरपतं आणि काचेवर आतून चिकट धुरकट थर बसतो. तिथेही काही नाही.

इंजिनच्या आत जात असेल तर त्याच्याही खुणा असतात. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट पांढरा थर नव्हता. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर म्हणाल तर पाचगणीच्या हिवाळी सकाळी प्रत्येकच गाडीतून वाफ येते. इंजिन तापल्यावरही ती येत राहिली तर काळजी करायची. माझ्या गाडीची येत नव्हती.

एवढं पाहून मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे त्यांनी प्रेशर टेस्ट केली आणि ती नीटच केली. इंजिन गार असताना टाकीचं झाकण काढलं, त्या जागी टेस्टरचा अडॅप्टर फिरवून बसवला, हातपंपाने १.४ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा भरली आणि पंधरा मिनिटं थांबले. काटा तसूभरही हलला नाही. त्यावर सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, बाहेर कुठेच लीक नाही. मग कूलंट जातंय कुठे? आतच जात असणार. हेड गॅस्केट." मी ऑइलचं आणि धुराचं सांगितलं. "सुरुवातीला तसंच असतं, नंतर कळतं." आणि एस्टिमेट.

मला ते पटेना. टेस्टवर माझा विश्वास होता, म्हणूनच पटेना. गॅस्केट गेलं असेल आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असेल, तर भरलेला दाब पंधरा मिनिटांत थोडा तरी उतरायला हवा ना? सगळ्या गॅस्केटच्या बाबतीत तसं होतंच असं नाही. काही फक्त इंजिन तापल्यावर गळतात. पण शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं. हेड उघडायला मी परवानगी दिली नाही.

दरम्यान ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायची खाच) लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र मागवलं. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबून चालत नाही. बऱ्याच गाड्यांत तो काटा मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिरच राहतो, चालकाला उगाच धास्ती वाटू नये म्हणून, आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मोबाइलवर खरा आकडा दिसायला लागला. घाटात ९७ ते १०१ अंश. फॅन वेळेवर लागत होता, आकडा खालीही येत होता. म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापत नव्हतं. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि फॅन दोघेही आपापलं काम करत होते.

पण शाळेच्या आवारात गाडी बंद करून बोनेट उघडलं की टाकीतून गुडगुड ऐकू यायची. इंजिन बंद करून नुसती चावी ऑन ठेवली, तर आकडा बंद केल्यानंतरही चढत राहायचा, १०५, १०६. हे स्वाभाविक आहे. इंजिन थांबलं की वॉटर पंप थांबतो, कूलंटचं फिरणं बंद होतं, आणि हेडच्या धातूतली उष्णता तिथल्या तिथे साठलेल्या कूलंटमध्ये उतरते. स्वाभाविक नव्हती ती गुडगुड. एकशे सहा अंशांना कूलंट उकळता कामा नये. ते उकळत होतं.

आणि मग तो वास. किंचित गोडसर. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. (हा गोडवा घातक आहे. कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुऊन काढा. कुत्री-मांजरं चवीने चाटतात आणि मरतात. लहान मुलांपासूनही बाटली लांबच ठेवायची.) वास येतो तिथे कूलंट बाहेर येतंय, एवढं नक्की. गार झाल्यावर मोबाइलचा कॅमेरा टाकीच्या मागच्या बाजूला घालून फोटो काढला, कारण तिथे डोकं शिरत नाही. फोटोत झाकणाच्या कडेखाली, टाकीच्या गळ्याशी, फिकट गुलाबी खरबरीत पापुद्रा दिसला. मीठ फुटल्यासारखा. तिथून एक वाळलेला ओघळ टाकीच्या मागून खाली गेला होता. वाफेबरोबर थोडंसं कूलंट बाहेर पडायचं, गरम टाकीवर लगेच वाळायचं, खाली थेंब पडायचाच नाही. पुठ्ठे कोरडे राहायचे ते यामुळे.

फोटो घेऊन वाईतल्याच आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. पन्नाशी उलटलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी फोटो बघितला, वर्कशॉपचा कागद वाचला आणि विचारलं, "ताई, त्यांनी टेस्टर लावला तवा झाकण कुठं होतं?"

बाजूला, बॅटरीवर ठेवलेलं होतं.

सगळा उलगडा या एका प्रश्नात आहे. प्रेशर टेस्टर झाकणाच्या जागीच बसतो. म्हणजे ती टेस्ट रेडिएटर, होज, पंप, हीटर, गॅस्केट, टाकी या सगळ्यांची होते, फक्त झाकणाची होत नाही, कारण झाकण त्या वेळी गाडीवर नसतंच. काटा पंधरा मिनिटं स्थिर राहिला याचा सरळ अर्थ असा की झाकण सोडून बाकी सिस्टीम दाब धरतेय. वर्कशॉपने त्याच निकालावरून गॅस्केटवर बोट ठेवलं. टेस्ट अर्धीच झाली होती. त्याच टेस्टरच्या पेटीत झाकणासाठी वेगळा अडॅप्टर असतो. दुसरी अर्धी टेस्ट त्याच्यावर करायची असते.

इथे झाकणाचं काम नीट सांगायला हवं, कारण बहुतेकांना ते बाटलीच्या बुचासारखं वाटतं. ज्या गाड्यांत ही टाकी दाबाखाली असते, त्यांच्या झाकणात दोन झडपा असतात. एक मोठी, स्प्रिंगने दाबून धरलेली. कूलंट तापून फुगतं, टाकीतला दाब वाढतो, आणि तो ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की ही झडप उघडून जादा दाब सोडते. दुसरी लहान, उलट्या दिशेने उघडणारी. इंजिन गार झालं की कूलंट आकसतं, आत पोकळी निर्माण होते, तेव्हा ती बाहेरची हवा आत घेते. (काही गाड्यांत मुख्य झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची प्लास्टिकची बाटली बिनदाबाची, साध्या टोपणाची असते. तिथे हीच तपासणी रेडिएटरच्या झाकणाची करायची.)

दाब कशाला हवा, तर दाबाखाली पाणी जास्त तापमानाला उकळतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर १०७-१०८ला. पाचगणीच्या उंचीवर हवेचा दाब कमी, तिथे साधं पाणी ९५-९६लाच उकळतं आणि मिश्रण १०३च्या आसपास. झाकणाने १.४ बार दाब धरला की हाच आकडा १३०च्या घरात जातो. म्हणजे झाकण चांगलं असेल तर १०६ अंशांना काही होत नाही, भरपूर अंतर शिल्लक असतं. झाकण दाब धरत नसेल तर तेच कूलंट, त्याच इंजिनमध्ये, त्याच तापमानाला उकळतं. माझे आकडे आणि ती गुडगुड यांचा मेळ इथे बसला. वाईत पातळी का हलत नव्हती आणि गर्दीच्या शनिवारी का हलायची, तेही.

मामांनी आधी हाताची परीक्षा घेतली. इंजिन तापवून, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवलं. मग हातमोजा घालून वरचा होज पाइप दाबून पाहिला. एरवी तापलेल्या गाडीत हा पाइप कडक लागतो, सहज दबत नाही. माझ्या गाडीचा मऊ होता, दोन बोटांत चेपला जात होता. गॅस्केट गेलेल्या गाडीत बऱ्याचदा उलटं असतं. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतो आणि गार इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात पाइप दगडासारखा होतो. ही परीक्षा घरीही करता येते, फक्त ओढणी, बाह्या, केस आवरून, कारण फॅन कधीही सुरू होतो. गरम असताना झाकणाला मात्र हात लावायचा नाही, थोडंसं सैल करायलाही नाही. दाबाखालचं कूलंट दाब सुटला की क्षणात उकळून अंगावर येतं.

पण मऊ पाइप हा पुरावा पूर्ण नाही, हे मामांनीच सांगितलं. झाकणच गळकं असेल तर गॅस्केटमधून आलेला गॅसही तिथूनच निघून जाईल आणि पाइप मऊच लागेल. म्हणून त्यांनी दुसरी एक टेस्ट केली. काचेच्या नळीत निळं द्रावण असतं, नळी टाकीच्या तोंडावर धरायची आणि इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा रबरी फुग्याने त्या द्रावणातून ओढायची. पेट्रोल गाडीचा जळालेला गॅस त्यात आला तर निळ्याचं पिवळं होतं. द्रावण नळीत चढू नये म्हणून टाकीतलं कूलंट आधी थोडं काढून घेतलं होतं. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. निळं ते निळंच राहिलं. गॅस्केटचा विषय माझ्यापुरता तिथे संपला.

आता झाकण. वरच्या बाजूला १४० असा आकडा होता, म्हणजे १४० किलोपास्कल, १.४ बार. अडॅप्टरवर फिरवून बसवलं आणि मामा पंप मारायला लागले. काटा कसाबसा ०.३पर्यंत गेला आणि पंप थांबवताच घसरत शून्यावर. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन झाकण त्यात बुडवलं आणि दाब दिला, तर कडेखालून बुडबुड्यांची माळ सुटली. चांगलं झाकण १.४पर्यंत काटा चढू देतं, तिथे फस्स करून जादाचं सोडतं आणि उरलेला दाब धरून ठेवतं.

उलटं करून उजेडात धरलं. गळ्यावर बसणारी रबरी रिंग एका बाजूने चपटी झाली होती, नखाने दाबली तर परत उठत नव्हती. तिच्यावर बारीक चीर. आतल्या झडपेच्या बैठकीवर पांढरे कण बसले होते, बोटाला खरखरीत लागणारे. हा बोअरच्या पाण्याचा क्षार. आधीच्या मालकाने केव्हातरी कूलंटऐवजी साधं पाणी भरलेलं असणार. झडप बैठकीवर पूर्ण टेकतच नव्हती. गरम पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ केलं आणि परत टेस्टरवर लावलं. या खेपेला ०.६पर्यंत गेलं आणि हळूहळू उतरलं. रिंगच संपली असेल तर सफाई पुरत नाही. अशी झाकणं दुरुस्तीला बनवलेली नसतातच, बदलायची.

बदलायलाही डोळे उघडे ठेवावे लागतात. साताऱ्यातल्या दुकानात पहिलं मिळालं ते आट्यांवर व्यवस्थित बसत होतं, दिसायला हुबेहूब, पण त्यावर ११० होतं. दुकानदार म्हणाला चालतं सगळ्यांना. मला ते चालणार नव्हतं. कमी दाबाचं झाकण म्हणजे उकळबिंदू खाली, आणि माझा रस्ता घाटाचा. जास्त दाबाचं बसवणंही चूक, कारण मग जुन्या होजवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकवर ताण येतो आणि टाकीला चिरा जातात. कंपनीचा पार्ट नंबर सांगून १४०चं मागवलं. तीनशे रुपयांच्या आत आलं. बसवायच्या आधी मामांनी तेही टेस्टरवर चढवलं. १.४च्या जरा वर सुटलं आणि मग काटा जागचा हलला नाही. नवा पार्ट म्हणजे चांगलाच असणार असं गृहीत न धरणारा मेकॅनिक मला फार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी घाट. आकडे पूर्वीसारखेच, ९७ ते १०१, गाडी बंद केल्यावर १०५. पण बोनेट उघडलं तर टाकीतून आवाज नाही, वास नाही. होज कडक. त्या आठवड्यातल्या शनिवारी पाचगणीच्या नाक्याअलीकडे बराच वेळ रांगेत अडकले, तरी सोमवारी सकाळी पातळी मार्करच्या रेघेवर होती. त्यानंतरही ती तिथेच आहे.

एक काम मात्र उरलं होतं. झाकणात क्षार होता म्हणजे सिस्टीममध्येही असणार. शिवाय इतके दिवस वाफ होऊन जात होती ती मुख्यतः पाण्याची, आणि भर घातली जात होती वेगवेगळ्या मिश्रणाची, त्यामुळे आतलं प्रमाण काय उरलंय कोण जाणे. पूर्ण कूलंट काढायला लावलं. शेवटचं जे आलं ते गढूळ होतं, तळाशी वाळूसारखा गाळ. डिस्टिल्ड वॉटरने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रकारचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं करून भरलं, हीटर गरमवर ठेवून हवा काढली. वेगळ्या प्रकारचं कूलंट, केवळ रंग जुळतो म्हणून, मिसळायचं नाही. रंगावरून प्रकार कळत नाही.

मामांच्या गॅरेजात जॉब कार्ड वगैरे नसतं, एक लांबडी वही असते. तीत माझ्या गाडीच्या पानावर त्यांनी कूलंट बदलल्याची तारीख लिहिली आणि पुढच्या बदलाच्या ओळीत मी सांगायच्या आत स्वतःच लिहिलं: झाकण टेस्टरवर.